मदत हवी: फोनला नाविक दिसतो, गच्चीवरच्या रिसीव्हरला एकही नाही

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे एकाच जागी अडकलोय, म्हणून हा धागा.

सिंहगड रोडला आमची चार मजली सोसायटी आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीवर अँटेना ठेवलाय, खाली स्टीलची ताटली आणि वरून आइस्क्रीमचा रिकामा डबा पालथा. तिथून केबल खाली घरात, रिसीव्हरला आणि लॅपटॉपला. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू या परदेशी प्रणालींचे सगळे येतात, एका वेळी ३० च्या वर उपग्रह दिसतात. फक्त आपला नाविक, म्हणजे भारताची स्वतःची दिशादर्शन उपग्रह प्रणाली, येत नाही. घरचंच माणूस पंगतीला नसावं तसं वाटतं.

रिसीव्हरच्या माहितीपत्रकात ‘नाविक एल५’ स्पष्ट लिहिलंय (एल१, एल५ म्हणजे उपग्रह ज्यांवर सिग्नल पाठवतात त्या वारंवारता). सेटिंगमध्ये नाविक चालू केलाय, बंद करून पुन्हा चालूही करून पाहिलाय. रिसीव्हरकडून लॅपटॉपवर येणाऱ्या ओळींत ‘जीआय’ने (ही नाविकची खूण) सुरू होणारी जीएसव्ही ओळ, म्हणजे दिसणाऱ्या उपग्रहांची यादी, शोधतोय, ती येते पण उपग्रहांची संख्या शून्य. म्हणजे रिसीव्हरला नाविक माहीत आहे, पण ऐकू येत नाही, असा माझा अर्थ. बरोबर आहे का?

उपग्रहच बंद असतील म्हणावं, तर तसंही नाही. नाविकच्या बऱ्याच जुन्या उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडली, हे मला माहीत आहे. पण त्याच टाकीवर फोन ठेवून जीपीएसटेस्ट हे उपग्रह दाखवणारं अ‍ॅप लावलं तर तिरंग्याच्या खुणेचे दोन उपग्रह ठळक दिसतात. एक नैर्ऋत्येला चांगला वर होता आणि तीन तासांत जागेवरून सरकला. तो ५५ अंश पूर्व रेखांशावरचा असणार.

खरं तर हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच आहे. ५५ अंशांवरचे उपग्रह भूसमकालिक आहेत, म्हणजे पृथ्वीच्या एका फेरीत त्यांचीही एक प्रदक्षिणा होते, पण त्यांची कक्षा विषुववृत्ताशी साधारण २९ अंशांनी कललेली. त्यामुळे जमिनीवरून ते दिवसभरात इंग्रजी 8 सारखा आकडा काढतात. मी हिशोब केला: पुण्यातून तो आकडा कधीच मावळत नाही, सगळ्यात खाली आला तरी क्षितिजापासून ३० अंशांवर राहतो. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवरून येतात आणि मावळतात, हा मात्र ३६,००० किलोमीटरवर कायम आपल्या आभाळात. सलग २४ तास त्याची उंची आणि दिशा नोंदवून तो आकडा स्वतःच्या गच्चीवरून काढायचाय. फोन रात्रभर टाकीवर ठेवता येत नाही, म्हणून रिसीव्हर हवा.

नाविकच्याच एनव्हीएस-०१ या नव्या उपग्रहाचाही विचार केला. २९ मे २०२३ ला सोडलेल्या या उपग्रहावर एल१ सुद्धा आहे. पण तो १२९.५ अंश पूर्वेला, म्हणजे इथून पूर्वेकडे जेमतेम २४ अंश वर. आमच्या पूर्वेला चाळीस पावलांवर अकरा मजली इमारत उभी आहे. त्याच्यासाठी वेताळ टेकडीवर जावं लागेल.

आता अँटेना बदलू की रिसीव्हर? अँटेना पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घेतला. दुकानदार म्हणाले, “सगळ्याला चालतो, बिनधास्त न्या.” वर काहीही छापलेलं नाही. आणखी पैसे घालण्याआधी खात्री कशी करायची, एवढं सांगा.

प्रतिसाद १:

रिसीव्हरला हात लावू नका, आधी जीपीएसच्याच ओळी वाचा. नाविकचा एल५ आणि जीपीएसचा एल५ एकाच वारंवारतेवर आहेत, ११७६.४५ मेगाहर्ट्झ. गॅलिलिओचा ई५ए सिग्नल पण तिथेच. म्हणजे जीपीएसचा एल५ येत असेल तर अँटेना निर्दोष, आणि तोही येत नसेल तर नाविक येणारच कसा? जीएसव्ही ओळीत तपासणी बेरजेच्या (चेकसम, * नंतरची दोन अक्षरं) आधीचा शेवटचा आकडा बघा. जीपीएससाठी १ म्हणजे एल१, ७ किंवा ८ म्हणजे एल५. एल५ सगळ्या जीपीएस उपग्रहांवर नाही, २०१० पासूनच्या नव्या पिढ्यांवर आहे, तेव्हा तासभर तरी बघा. स्वस्त चौकोनी अँटेनात १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे एल१च्या, आसपासचंच सोडणारी गाळणी (फिल्टर) असते, बाकी सगळं ती अडवते.

धागाकर्ता:

दादा, मनापासून आभार. काल रात्री दोन तासांच्या नोंदी चाळल्या. जीपीएसच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी १. सात नाही, आठ नाही, एकदाही नाही. गॅलिलिओचंही तेच, फक्त ई१ (एल१च्याच वारंवारतेवरचा सिग्नल). म्हणजे अँटेनाच. इतके दिवस ‘जीआय’ची ओळ बघत बसलो, शेजारच्या ओळीत उत्तर होतं.

एल१ आणि एल५ दोन्ही घेणारा अँटेना पुण्यात कुणी हातात घेऊन, वापरून पाहिलाय का? दहा मीटर केबलवर सिग्नल कितपत पडतो, तेही सांगा. टाकीपासून घरापर्यंत तेवढी लागतेच.