घोट्याचं ऑपरेशन, मे महिना आणि पहिला मजला – काय तयारी करू? (नागपूर)

महालवाली: आईचा (वय 61) उजवा घोटा मोडलाय. बुधवारी धंतोलीत ऑपरेशन, प्लेट-स्क्रू टाकणार. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणतात. घर महालातलं जुनं, आम्ही पहिल्या मजल्यावर, जिना एकदम उभा, संडास भारतीय. अनुभव असेल त्यांनी सांगा, प्लीज.

एकटांगी: माझं हेच झालंय, डावा पाय. पहिल्या रात्रीचं आधी सांगतो. बधिरतेचा ब्लॉक दिला असेल तर संध्याकाळी पाय आपला वाटतच नाही. मी शहाणपणा केला, 'दुखतच नाही, गोळी कशाला' म्हणालो. पहाटे ब्लॉक उतरला आणि छताचे पंखे मोजत बसलो. तो किती तासांनी उतरतो आणि गोळी कधी सुरू करायची, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवा.

पाय उंच म्हणजे स्टुलावर नव्हे, छातीपेक्षा वर. पोटरीखाली उशा, टाच अधांतरी. पहिले दहा-पंधरा दिवस हेच मुख्य काम. खाली सोडला की सुजून ठणकतो.

वॉकर घेऊन तुमचा जिना चढायच्या भानगडीत पडू नका. पायरीवर बसून, चांगल्या पायाने आणि हातांनी रेटत एकेक पायरी मागे सरकायचं. लाज वाटते, पण पडत नाही. सुट्टी व्हायच्या आधी फिजिओसमोर एकदा करून घ्या.

वर्धारोड: कमोड खुर्ची आणि वॉकर विकत घेऊ नका, भाड्याने मिळतात. सर्जिकल दुकानात विचारा. वॉकरचे रबरी बूच झिजलेले नाहीत ना, तेवढं पाहा.

सिस्टरताई: कूलर! टाकी भरताना फरशीवर पाणी सांडतंच, आणि एका पायावरच्या माणसाला तेवढं पुरतं. आईंच्या वाटेपासून दूर ठेवा, पायपुसणी आणि चटया उचला. प्लास्टरमध्ये घाम येऊन खाज सुटेल, पण विणायची सुई घालू देऊ नका, जखम होते. हेअर ड्रायरची थंड हवा सोडा.

बोटं निळी पडली, बधिर झाली, प्लास्टर आवळल्यासारखं वाटलं, ताप आला तर डॉक्टरांना लगेच कळवा. पोटरी दुखून सुजली तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. रक्त पातळ करायचं औषध लागेल का, हे डिस्चार्जच्या वेळी विचारा.

आणि तंबाखू, मिसरी काही घेत असतील तर बंद. निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर होतो.

महालवाली: आई काही घेत नाही, खर्रा बाबांचा. 😅 खालच्या काकू सहा आठवडे समोरची खोली द्यायला तयार झाल्या, म्हणजे जिना सुटला. पण खिडकी एकच आणि ती पलंगाच्या उशाशी. कूलर कुठे लावू?

सिस्टरताई: पलंग फिरवा, ताई.