लाकडी मजल्याच्या कड्यांतून पाइप आणि वायरी न्यायच्या आहेत, भोकं नेमकी कुठे पाडू?

अर्धवट_बाथरूम:
वरच्या मजल्यावर बाथरूम करतोय. तक्ते उचकटून झालेत, कड्या (तक्ते पेलणारी आडवी लाकडं) उघड्या पडल्यात. एकेक कडी २०० मिमी उंच, ५० रुंद. दोन कड्यांच्या मध्यांत ४०० मिमी अंतर, टेकणापासून टेकणापर्यंत (कडी जिथे भिंतीवर टेकते तिथपासून तिथपर्यंत) गाळा ३.६ मीटर. न्यायच्या आहेत दोन वायरी, गरम-गार पाण्याचे २२ चे पाइप, बेसिनच्या सांडपाण्याचा ४० चा आणि कमोडचा ११० चा पाइप. प्लंबर म्हणतो, भोकं कशाला पाडत बसायची, कड्यांना वरून ५० खोल खाचा मारू आणि पाइप नुसते आत ठेवू. सुतार म्हणतो, कड्यांना हातच लावायचा नाही. दोघंही हट्टाला पेटलेत. ऐकू कुणाचं?

गिरमिटवाला:
सुतार थोडा जास्तच घाबरलाय, पण प्लंबरला आधी थांबवा.

वजन आलं की कडी वाकते. वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि उंचीच्या मधोमध ना हे ना ते. म्हणून मधलं लाकूड काढलं तर कडी फारशी कुरकुरत नाही, कड कापली की लगेच दुबळी होते. तुमच्याच मापांवर हिशोब करा. वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५० ची खाच मारली की त्या जागी कडी १५० ची उरली. १५० चा वर्ग भागिले २०० चा वर्ग, म्हणजे ०.५६. चव्वेचाळीस टक्के ताकद गेली! तेच ५० चं भोक बरोबर मधोमध पाडलं तर नुकसान दीड टक्क्याच्या आसपास. खाच असो वा भोक, उंचीतून गेले ५० मिमीच.

पण मधोमध म्हणजे कुठेही नव्हे. टेकणाजवळ कातरणारा जोर सगळ्यात जास्त, आणि तिथे हे मधलं लाकूडच तो झेलत असतं. ब्रिटनमध्ये सुतार पाळतात तो नियम असा: भोक कडीच्या उंचीच्या पाव भागापेक्षा मोठं नको, आणि ते टेकणापासून गाळ्याच्या ०.२५ ते ०.४ एवढ्या अंतरात हवं. तुमच्याकडे म्हणजे जास्तीत जास्त ५० मिमी, टेकणापासून ९०० ते १४४० मिमीच्या पट्ट्यात. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांत व्यासाच्या तिप्पट अंतर. अमेरिकी निवासी संहिता जरा सैल आहे, एक तृतीयांश उंचीपर्यंत चालतं, पण वरखाली दोन्ही कडांपासून ५० मिमी लाकूड शाबूत लागतं. मी स्वतः कडक नियम धरतो. जुन्या लाकडाला गाठी असतात, आणि गाठ म्हणजे आधीच पडलेलं भोक समजावं. तिच्याजवळ दुसरं पाडू नये. पाडण्याआधी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज रुतला तर कीड किंवा कूज आहे, मग भोकाचा विषय नंतर.

आता ४० चा पाइप. पन्नासास एक उतार धरला तर प्रत्येक कडीला भोक ८ मिमी खाली सरकणार. चार कड्या ओलांडल्या तर पहिल्या आणि चौथ्यात २४ चा फरक. पहिलं मध्यापासून १२ वर घ्या, शेवटचं १२ खाली, म्हणजे जमतं. खरी अडचण निराळी आहे. दोन कड्यांत मोकळी जागा ३५०, त्यात लांब ताठ पाइप शिरतच नाही. तुकडे करून दर गाळीत (दोन कड्यांमधल्या मोकळ्या जागेत) सांधा द्यावा लागतो, आणि असे सांधे तक्त्यांखाली कायमचे गाडायला माझा तरी हात धजत नाही. बेसिन अशा भिंतीला घ्या की पाइप कड्यांना समांतर पळेल. मग भोकच नको.

११० चा तर २०० च्या कडीतून जाणारच नाही. तो समांतरच.

फेज_न्यूट्रल:
वायरींपुरतं माझं. भोक वरच्या कडेपासून निदान ५० मिमी खाली ठेवा, नाहीतर उद्या तक्ते ठोकताना खिळा थेट वायरीत. काही कारणाने कडेजवळ जावंच लागलं तर वरून पोलादी पट्टी ठोका. गरम पाण्याच्या पाइपाच्या भोकात वायर घालू नका. आणि ड्रिलला हात लावण्याआधी मेन बंद. खालच्या छताच्या जुन्या वायरी याच गाळींतून गेलेल्या असतात.

ऑगर बिट (लांब पिळाचं गिरमिट) लाकडात अडकलं की ड्रिल मनगट पिरगाळतं. क्लच असलेलं ड्रिल घ्या, बाजूची मूठ लावा. साधं ड्रिल ३५० च्या जागेत सरळ बसत नाही, भोक तिरकं जातं. काटकोनी ड्रिल भाड्याने आणा.

कडीपाट:
२२ च्या गरम पाइपाला भोक ३-४ मिमी सैल ठेवा. पाइप तापून लांबतो आणि घट्ट भोकात घासून रात्रभर टकटक करतो. होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) असेल तर मधलं टोक पलीकडे दिसताच थांबा आणि उरलेलं पलीकडून कापा, ढलप्या निघत नाहीत.

नवी_इमारत:
मधेच विचारतो. माझ्याकडे आय आकाराच्या कारखानी कड्या आहेत. हाच नियम?

गिरमिटवाला:
नाही. त्यांच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना ओरखडासुद्धा नको. मधल्या पातळ फळीत भोक चालतं, किती मोठं आणि कुठे ते उत्पादकाच्या तक्त्यात बघा. गाळ्याच्या मध्याकडे बहुधा मोठं चालतं, टेकणाकडे छोटं.

अर्धवट_बाथरूम:
प्लंबरला ४४ टक्के सांगितले, गप्प झाला. बेसिन समोरच्या भिंतीला हलवतोय. पण कमोडचं तोंड नेमकं एका कडीवर येतंय. ती एकच कडी कापून दोन्ही टोकांना आडवा तुकडा दिला तर?

गिरमिटवाला:
पद्धत तीच असते, पण कापलेल्या कडीचं वजन आडव्या तुकड्यांतून शेजारच्या दोन कड्यांवर जातं, म्हणून त्या दुहेरी कराव्या लागतात आणि सांध्यांना धातूचे हँगर लागतात. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. त्याआधी एक मोजा: कमोड १०० मिमी बाजूला सरकवला तर तोंड मोकळ्या गाळीत येतं का?

अर्धवट_बाथरूम:
१२० सरकवला तर येतंय. दार उघडताना कमोडला लागेल.

गिरमिटवाला:
दार बाहेर उघडा.