अँप बसवल्यापासून रेस दिली की स्पीकरमधून कुईंईं... फिल्टर टाकू का?

सातारी_कंदी:
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी गाडीत (डिझेल हॅचबॅक, २०१३ ची) चार चॅनलचा अँप (अँप्लिफायर) आणि डिक्कीत सब (बेसचा मोठा स्पीकर) बसवून घेतला, आधी नुसता स्टिरिओ होता तेव्हा काही म्हणजे काही त्रास नव्हता. आता गाडी चालू केली की बारीक कुईंईं येतं आणि रेस दिली की चढत जातं, सोडली की उतरतं. खंबाटकी चढताना तर वाटतं मागच्या सीटवर कुणी पिपाणी घेऊन बसलंय. गाणं मोठं असलं की कळत नाही पण व्हॉल्यूम झिरो केला तरी आवाज तेवढाच्या तेवढाच. इंजिन बंद करून नुसती किल्ली ऑन ठेवली तर एकदम शांत. बसवणारा म्हणतो अँप म्हटलं की एवढं यायचंच, नॉइज फिल्टर घ्या. घेऊ का?

जुना_वायरमन:
थांबा, पैसे घालू नका. रेसबरोबर सूर चढतो म्हणजे हा आल्टरनेटर (आमच्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात). पेट्रोल गाडी असती तर प्लगची टिकटिक पण तपासायला सांगितली असती, डिझेलला स्पार्क प्लगच नाहीत त्यामुळे तो प्रश्न मिटला. आल्टरनेटर आतून तीन फेजचा एसी बनवतो, डायोड त्याचा डीसी करतात, पण तो अगदी सपाट होत नाही, थोडी लहर उरतेच. एरवी ती ऐकू येत नाही. तुमच्या गाडीत स्टिरिओचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली मायनस) डॅशबोर्डमागे आणि अँपचा अर्थ डिक्कीत, दोघांच्या मधे काही मिलिव्होल्टचा फरक पडला तरी करंट आरसीएच्या (स्टिरिओतून अँपकडे गाणं नेणारी केबल) बाहेरच्या जाळीतून वाट काढतो आणि अँप त्यालाच गाणं समजून मोठं करतो. व्हॉल्यूम झिरोला पण तेवढाच आवाज, म्हणजे गडबड स्टिरिओच्या व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी आहे.
आता दोन कामं करा. अँप बंद करून त्याच्याकडच्या आरसीए पिना काढा, मग परत चालू करून रेस द्या. शांत झाला तर दोष आरसीए किंवा स्टिरिओच्या बाजूला, तरी पण कुईं आलं तर अँपच्या सप्लायमधे. दुसरं, अँपची काळी (अर्थची) वायर नेमकी कुठे मारलीय ते बघून सांगा.

बेसवेडा_कोल्हापूर:
एवढं कशाला भावा, ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो दोनशे-अडीचशेला, आरसीएच्या मधे घाल आणि मोकळा हो. माझ्यात दोन वर्षं आहे.

जुना_वायरमन:
@बेसवेडा, त्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात बाकी काही नाही. स्वस्तातल्याचा कोअर एवढासा, खालचे सूर त्यातून नीट जातच नाहीत. म्हणजे सबला पैसे मोजायचे आणि बेस डबीत गाळायचा. मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणी ऐकताना चिरचिर येते तिथे ती डबी झकास चालते, मी स्वतः लावून दिल्यात. पण इथे नको.

सातारी_कंदी:
दादा बघितलं. काळी वायर मागच्या सीटच्या बोल्टला होती आणि रंग तसाच!! हाताने हलवली तर लग (वायरच्या टोकाची कडी) गोल फिरत होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन लग दाबून नटबोल्टने आवळला, वायर पण कापून दीड फुटाच्या आत आणली. आवाज थोडा कमी झाला पण गेला नाही. आरसीए काढली की मात्र एकदम शांत. आणि हो, बॅटरीकडून येणारी लाल वायर आणि आरसीए दोन्ही ड्रायव्हरच्या बाजूने एकत्र टेप मारून आणलेत.

मीटरवाली_ताई:
आरसीए दुसऱ्या बाजूने फिरवून घ्याच, पण त्याआधी एक पाच मिनिटांचं काम. स्टिरिओ बाहेर ओढा, एक वायरचा तुकडा घ्या, एक टोक स्टिरिओच्या लोखंडी बॉडीला आणि दुसरं आरसीए पिनेच्या बाहेरच्या कड्याला टेकवा, इंजिन चालू ठेवून. आवाज गेला तर स्टिरिओच्या आतला आरसीएचा अर्थ जळालाय. बऱ्याच स्टिरिओत तिथे तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज नाहीतर बोर्डावरची बारीक पट्टी असते. मला संशय तुमच्या त्या ढिल्या लगचाच येतोय, कारण अँपला अर्थ मिळाला नाही की तो सगळा करंट आरसीएच्या जाळीतून परत पाठवायला बघतो, आणि तो बिचारा फ्यूज काही त्यासाठी बसवलेला नसतो. म्हणून सांगते, आरसीए लावताना-काढताना बॅटरीची मायनस आधी काढायची.
जमलं तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनला बॅटरीवर पण बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर आल्टरनेटरचा एखादा डायोड गेलाय.

सातारी_कंदी:
ताई, गेला आवाज!! वायर टेकवली की गप, उचलली की कुईं, चार वेळा करून बघितलं, पोराला पण करून दाखवलं. बॅटरीवर एसी ०.०४ व्होल्ट येतंय, चार्जिंग १४.१. ती वायर तशीच कायम लावून ठेवली तर चालेल का?

मीटरवाली_ताई:
०.०४ म्हणजे आल्टरनेटर ठणठणीत. वायर कड्याला सोल्डर करून बॉडीच्या स्क्रूखाली घट्ट आवळा, वर्षानुवर्षं चालते. आतला फ्यूज बदलणं जास्त बरं पण तुम्ही स्वतः उघडू नका, टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे द्या, त्यांचा हात बारीक कामाला बसलेला असतो.

बेसवेडा_कोल्हापूर:
आज माझी डबी काढून बघतो म्हटलं. काढली, बेस वाढला आणि कुईं पण आलं 😅 माझा पण अर्थ सीटच्या बोल्टलाच आहे.

जुना_वायरमन:
मग घ्या पॉलिश पेपर.