'मोबी डिक' (१९५६) : स्टारबकला शेवटी असा वळवायची गरज होती का?

सुकाणू_सुटलेला

जॉन ह्यूस्टनचा 'मोबी डिक' परवा पुन्हा पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पांढऱ्या देवमाशाने एक पाय तोडलेला कप्तान एहॅब 'पीक्वॉड' हे देवमासे मारणारं जहाज घेऊन निघतो आणि मालकांचा धंदा बाजूला ठेवून अख्ख्या जहाजाला आपल्या सुडाच्या कामाला जुंपतो. त्याला उघड विरोध करणारा एकटा पहिला मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी), स्टारबक. (पुढे शेवट फोडला आहे. सत्तर वर्षं झाली सिनेमाला, तक्रार चालणार नाही.)

मेलव्हिलच्या १८५१ च्या कादंबरीत स्टारबक शेवटच्या दिवशी जहाजावरच असतो आणि एहॅबला परत फिरायची गळ घालत राहतो. सिनेमात काय होतं? एहॅब देवमाशाच्या अंगावरच्या दोरांत अडकून मरतो. मासा पुन्हा वर येतो तेव्हा त्याचा निर्जीव हात हलतो, जणू 'या' म्हणून बोलावतोय. होड्यांतले खलाशी पळायच्या बेतात. त्यांना अडवतो कोण, तर स्टारबक! हा सैतान-बैतान काही नाही, नुसता मासा आहे, आणि मासे मारणं हा आपला धंदा आहे, असं म्हणून तोच हल्ला करायला लावतो. मग एक जण सोडून सगळे बुडतात.

दोन तास हा माणूस धर्म, धंदा आणि अक्कल या तिघांची वकिली करत होता. त्याला दोन मिनिटांत दुसरा एहॅब करून टाकला. पटकथा रे ब्रॅडबरी आणि ह्यूस्टन यांची. मला तरी ही सरळ लबाडी वाटली. तुमचं काय मत?

खवट_खलाशी

स्टारबकचं नंतर बघू, आधी एहॅब झालेल्या ग्रेगरी पेकचं बोला. कादंबरीतला एहॅब ५८ वर्षांचा, त्यातली चाळीस वर्षं समुद्रावर गेलेली. पेक चित्रीकरणाच्या वेळी चाळिशीचाही नव्हता. दाढी चिकटवली, गालावर व्रण काढला, तरी आतला सज्जन माणूस लपत नाही. ओरडतो तेव्हा वाटतं, आता हा ज्युरीपुढे उलटतपासणी सुरू करणार. ह्यूस्टनला ही भूमिका आपल्या वडिलांना, वॉल्टर ह्यूस्टनना द्यायची होती, पण ते १९५० मध्ये गेले. ते असते तर हा सिनेमा कुठल्या कुठे गेला असता.

रातराणी

अजिबात पटलं नाही. पेकचा सज्जनपणाच तर तिथे कामाला येतो. डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकून तो खलाशांना जिंकून घेतो तो प्रसंग बघा. पांढरा मासा पहिल्यांदा दिसेल त्याला हे नाणं, एवढंच आमिष, आणि मग भाल्याच्या खोबणीतून दारू. मुळात भयंकर दिसणाऱ्या माणसामागे तीस जण असे आनंदाने जात नाहीत. चांगल्या, भारदस्त आवाजाच्या माणसामागे जातात.

आणि त्या रंगांबद्दल कोणीच कसं बोललं नाही? छायाचित्रकार ऑस्वल्ड मॉरिसने रंगीत प्रतिमेत कृष्णधवल प्रतिमा मिसळून सगळं फिकट, खारवलेलं करून टाकलंय, देवमाशांच्या शिकारीच्या जुन्या छापील चित्रांसारखं. नेटवरच्या भडक केलेल्या प्रती बघून मत बनवू नका.

डेकवरून

मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे धागाकर्त्याशी थोडं भांडतो. तुम्ही ज्याला लबाडी म्हणता तोच मला सिनेमातला सगळ्यात खरा भाग वाटतो.

मधला एक प्रसंग आठवा. स्टारबक उरलेल्या दोन मेटना, स्टब आणि फ्लास्कला, गाठतो. कप्तान मालकांचं जहाज स्वतःच्या भांडणासाठी वापरतोय, अशा वेळी त्याला कायद्याने बाजूला करता येतं, असं समजावतो. दोघं हात झटकतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढं सोपं होतं, का नाही केलं? जहाजावर ते सोपं नसतं. कप्तानाविरुद्ध एकटा मेट म्हणजे बंडखोर. तिघं एकत्र असतील तरच ती कारवाई म्हणता येते. तिथेच स्टारबक हरला. पुढे एहॅबवर रोखायला पिस्तूल हातात येतं, तेही त्याच्याच्याने चालवत नाही.

दुसरं म्हणजे 'देवमासे मारू नका' असं त्याने कधीच म्हटलेलं नाही. तेलासाठी मारा, रागापायी नको, एवढंच त्याचं म्हणणं. एहॅब मेला तिथे हा आक्षेप निकालात निघाला. आता समोर एक मासा, होड्यांत भुताच्या भीतीने गळाठलेली माणसं, आणि कप्तान गेल्यामुळे हुकूम मेटचा. अशा वेळी तो आयुष्यभर जे करत आला तेच करतो. त्यात मला सूड दिसत नाही. धंद्याचा ताठा दिसतो, आणि तो सुडापेक्षा कमी घातक नसतो.

सुकाणू_सुटलेला

@डेकवरून, स्टब-फ्लास्कचा मुद्दा एकदम मान्य. पण तुमच्याच धंद्याच्या हिशेबाने बघू. या जहाजांवर पगार नसे, सफरीच्या नफ्यात वाटा असे. कादंबरीत गोष्ट सांगणाऱ्या इश्माएल या खलाशाला तीनशेवा वाटा मिळतो, म्हणजे नफ्याच्या तीनशे भागांतला एक. स्टारबक एहॅबला तोंडावर विचारतो, तुझ्या सुडातून किती पिंपं तेल निघणार आणि नँटकेटच्या बाजारात त्याचे किती येणार? इतका हिशेबी माणूस, कप्तान गेला आणि होड्या धोक्यात आहेत हे डोळ्यांनी दिसत असताना 'मारा' म्हणतो? हुकूम त्याचाच होता ना? मग 'जहाजावर परत चला' हाही हुकूमच होता.

पोपट_पंची

शेवट बदलल्याबद्दल ह्यूस्टनला शिव्या घालण्याआधी जॉन बॅरिमोरचा १९३० चा 'मोबी डिक' बघा. त्यात एहॅब देवमाशाला मारतो आणि घरी येऊन प्रेयसीला भेटतो. मग बोलू.

खवट_खलाशी

😂 हे खरंच आहे, गंमत नाही.

किनाऱ्यावरची

सगळे स्टारबक आणि एहॅबवरच अडकलात. 'रेचल' जहाजाचा कप्तान गार्डिनर येतो तो प्रसंग कोणालाच आठवला नाही? त्याचा मुलगा होडीसकट हरवलाय. तो एहॅबला शोधायला मदत कर म्हणून विनवतो, एका बापाने करावी तशी. एहॅब नाही म्हणतो आणि पुढे जातो. मला एहॅबचा वेडेपणा देवमाशाशी झुंजताना नाही, इथे जाणवला. आणि शेवटी शवपेटीला धरून तरंगणाऱ्या इश्माएलला उचलतं कोण, तर मुलाला शोधत फिरणारं तेच जहाज.

एक तक्रार मात्र आहे. शिकारीची काही दृश्यं मदेराच्या किनाऱ्यावर खऱ्या शिकाऱ्यांसोबत घेतली आहेत, म्हणजे लाल झालेलं ते पाणी खरं आहे. आपल्याकडे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत अंबरग्रीस (देवमाशाची उलटी) पकडल्याच्या बातम्या येतात, तो पदार्थ याच जातीच्या देवमाशाचा, आणि हा प्राणी आज कायद्याने संरक्षित आहे. ती दृश्यं मी पुढे ढकलली. ज्यांना 'भव्य' वाटली त्यांना वाटोत.

खवट_खलाशी

१९५६ च्या सिनेमाला आजचे नियम लावायचे तर काहीच बघायला उरणार नाही, ताई.

किनाऱ्यावरची

नियम लावत नाहीये, दादा. मी काय बघितलं आणि काय नाही ते सांगतेय. त्याला परवानगी लागते का?

रातराणी

भांडण थंड करायला एक भर घालते. ऑर्सन वेल्सचं प्रवचन आठवतंय ना? जहाजाच्या पुढच्या टोकासारखं व्यासपीठ आणि दोराच्या शिडीने वर चढणारा पाद्री. न्यू बेडफर्डच्या खऱ्या सीमेन्स बेथेल या खलाशांच्या प्रार्थनाघरात तसं व्यासपीठ नव्हतंच. सिनेमा बघून आलेले लोक 'ते कुठंय' विचारायला लागले, म्हणून १९६१ मध्ये तसं बनवून बसवलं. आणि १९९८ च्या दूरदर्शन मालिकेत हाच पाद्री कोणी केला? ग्रेगरी पेकने. खवटराव, तिथे तरी वय बरोबर होतं!

डेकवरून

@सुकाणू_सुटलेला, 'जहाजावर परत चला' म्हणता, पण या सिनेमात मासा जहाजालाही सोडत नाही. मेलव्हिलने ज्या घटनेवरून बरंच उचललं ती १८२० ची 'एसेक्स' या जहाजाची आठवा. पॅसिफिकमध्ये देवमाशाने धडक दिली तेव्हा पहिला मेट ओवेन चेस जहाजावर होता. मासा बाजूला आला, भाला मारता आला असता. पण शेपूट सुकाणूजवळ होतं, फटका बसला तर सुकाणू जाईल म्हणून तो थांबला. अगदी तुम्हाला हवा तसा हिशेबी मेट. माशाने वळून दुसरी धडक दिली आणि जहाज गेलं.

सुकाणू_सुटलेला

पण चेस त्यातून वाचला, घरी पोचला आणि दुसऱ्याच वर्षी त्यावर पुस्तकही लिहिलं! ह्यूस्टनच्या स्टारबकच्या हुकमाने एक इश्माएल सोडून सगळे गेले. माझं मत जिथल्या तिथे आहे. तुमचा 'धंद्याचा ताठा' मात्र डोक्यात बसलाय, त्या नजरेने पिस्तुलाचा प्रसंग पुन्हा बघणार. कादंबरी पूर्ण वाचलेलं कोणी असेल तर शेवटच्या तीन दिवसांतल्या स्टारबकवर जरा सविस्तर लिहा.