फोल्डर लपवून भागत नाही

एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरच्या खासगी फाइली दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नयेत म्हणून काय करावं, या प्रश्नावर एकांनी फोल्डर 'हिडन' करून पासवर्ड टाकणारं सॉफ्टवेअर सुचवलंय. त्यावर विसंबू नका. अशी बरीच सॉफ्टवेअर फाइली नुसत्या लपवतात. डिस्क लिनक्सच्या (विंडोजऐवजी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या) मशीनला लावली की सगळं उघडं.

विंडोजची 'प्रो' आवृत्ती असेल तर बिटलॉकर पुरे. ही विंडोजमधलीच सोय डिस्क एन्क्रिप्ट करते, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करते. फक्त डिस्क आधी वापरलेली असेल तर 'वापरलेली जागाच एन्क्रिप्ट करा' हा झटपट पर्याय घेऊ नका. त्यात रिकामी जागा तशीच राहते आणि पूर्वी डिलीट केलेल्या फाइली तिथून परत काढता येतात. पूर्ण ड्राइव्हला १ टीबीमागे अख्खी रात्र जाईल, जाऊ द्या. ४८ आकडी रिकव्हरी की (पासवर्ड विसरलात तर डिस्क उघडणारा क्रमांक) कागदावर उतरवून कपाटात ठेवा. (मी ती लॅपटॉपवरच ठेवली होती, आणि लॅपटॉपच गेला. असो.)

विंडोजच्या 'होम' आवृत्तीवर बिटलॉकरची डिस्क उघडते, पण नव्याने एन्क्रिप्ट करता येत नाही. तिथे व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, मॅकवरही चालतं. त्यात मात्र अख्ख्या डिस्कऐवजी कंटेनर फाइलच (बाकीच्या फाइली आत ठेवायची एक कुलूपबंद फाइल) बनवा. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली की ती लावल्यावर विंडोज 'फॉरमॅट करायची का?' असं विचारतं, आणि घरातलं कुणीतरी बिनधास्त 'हो' दाबतं.