अकरावी कला शाखेत समाजशास्त्र घ्यावे का? अभ्यास आणि प्रकल्पाबद्दल सल्ला हवा आहे

तापीकाठची (शहादा)
नमस्कार. मी यंदा अकरावी कला शाखेत प्रवेश घेतला असून ऐच्छिक विषयांत समाजशास्त्र घेण्याची इच्छा आहे. घरच्यांच्या मते हा पाठांतराचा विषय असून पुढे त्याचा काही उपयोग होत नाही. आमच्या गावाकडे शिकवणीची सोय नाही. हा विषय स्वतःच्या बळावर झेपेल का, काय वाचावे आणि प्रकल्पाचा विषय कसा निवडावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नाना (अमळनेर)
बेटा, विषय अवश्य घे. कनिष्ठ महाविद्यालयात मी हाच विषय शिकवून निवृत्त झालो आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची दोन्ही पुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात, ती आत्ताच उतरवून घे. अकरावीत संस्कृती, सामाजीकरण (समाजाच्या रीती शिकत मोठे होणे) आणि स्तरीकरण (समाजातील उच्च-नीच थर) या संकल्पना पक्क्या झाल्या, तरच बारावीतील सामाजिक चळवळी आणि सामाजिक समस्या ही प्रकरणे नीट उमगतात. गाईड परीक्षेच्या तोंडावर चाळायला हरकत नाही. वर्षभर त्यावरच विसंबलेल्या मुलांची उत्तरे मात्र तपासणाऱ्याला पहिल्या ओळीतच ओळखू येतात.

पाठांतर तेव्हाच करावे लागते, जेव्हा संकल्पना आपल्या गावावर लावून पाहिलेली नसते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहून अभ्यास केला आणि पुढे ‘प्रभावी जात’ ही संकल्पना मांडली. संख्याबळ, जमिनीची मालकी आणि राजकीय वजन या तिन्ही गोष्टी ज्या जातीकडे एकवटतात, ती गावाचा कारभार कसा चालवते, हे त्यांनी दाखवले. आता तुझ्या गावच्या विकास सोसायटीच्या भिंतीवर रंगवलेली संचालकांची नावे वाच, बागायती विहिरी कोणाच्या आहेत ते पाहा आणि केळीचे घड कापणाऱ्या टोळीत कोण असते ते विचार. एवढे केलेस की ती व्याख्या पुन्हा घोकावी लागणार नाही.

चळवळींच्या बाबतीत तर तू नशीबवान आहेस. तळोदा-शहादा भागात गुलाम महाराजांच्या आप चळवळीने आदिवासींना दारू सोडण्याचे आवाहन केले. पुढे १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी जमीन व मजुरीचे प्रश्न लावून धरले. पहिल्या चळवळीला संस्कृतीकरण (वरच्या मानलेल्या जातींच्या चालीरीती उचलणे) म्हणावे की शोषणाविरुद्धचा आत्मसन्मान, यावर वाद घालता येतो आणि असा वाद उत्तरात दोन्ही बाजूंनी मांडता आला पाहिजे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा, पुस्तकात नसलेले बरेच काही कळेल.

सातपुडा_एमए (जळगाव)
घरच्यांच्या शंकेबद्दल थोडेसे लिहिते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि त्याचे दोन पेपर मिळून ५०० गुण असतात. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणालाही हा पाया उपयोगी पडतो. मात्र प्राध्यापकीच्या एकट्या भरवशावर हा विषय घेऊ नये, कारण जागा मोजक्या असतात. सोबत भूगोल किंवा अर्थशास्त्र ठेवले, तर वाटा मोकळ्या राहतात.

तापीकाठची
नाना आणि ताई, मनापासून आभार. आमच्या गावातून बरीच कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. तो विषय प्रकल्पाला चालेल का?

नाना (अमळनेर)
उत्तम चालेल, पण ‘स्थलांतर’ एवढा मोठा विषय घेऊ नकोस. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलांच्या शाळेचे काय होते, एवढाच प्रश्न धर. लेखी परीक्षेचे ८० गुण सोडले, तर उरलेल्या २० गुणांसाठी चार-पाच घरांशी नीट बोलणे पुरेसे आहे. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) कोणाकडून घेतली, मुलांना सोबत नेतात की आजीजवळ ठेवतात, परतल्यावर मूल त्याच वर्गात बसते का, असे साधे प्रश्न विचार. ज्यांच्याशी बोलशील त्यांची परवानगी घे आणि अहवालात खरी नावे घालू नकोस. ‘पालक अडाणी आहेत’ अशा धर्तीची वाक्ये अजिबात लिहू नकोस. ती तुझी मते ठरतील, निरीक्षणे ठरणार नाहीत. टोळ्या दिवाळीनंतर निघतात, म्हणून मुलाखती त्याआधीच उरकून घे. नाहीतर कुलूप लावलेल्या घरांचाच अहवाल लिहावा लागेल.