आबांचा मटका सोडवायचा कसा?

हळदगल्ली: आमचे आबा 67 वर्षांचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, उभ्या जन्मात हिशोबात चूक नाही. दारू-तंबाखू नाही. पण रोज दुपारी चहाला म्हणून निघतात आणि टपरीवर पन्नास-शंभराचा आकडा लावून येतात. आई म्हणायची, तेवढं एकच आहे, असू दे. गेल्या महिन्यात मात्र तांदळाच्या डब्यातले दोन हजार गेले. उशाशी जुन्या निकालांची वही असते. म्हणतात, "छक्का आठ दिवस आला नाही, आता येणारच." पोरांसमोर भांडण नको आहे. काय करू?

मिरजेचा जुना: चार वर्षं मटक्याच्या चिठ्ठ्या फाडल्यात, आता सोडलंय, म्हणून बोलतो. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. जोडी, म्हणजे दोन आकडे मिळून, शंभरातली एक, देतात नव्वद. कुणीही जिंको, शंभरातले दहा मालकाचे. आणि पत्त्याला कसली आलीय आठवण? तीन पत्ते निघतात, समजा 3-5-8, बेरीज सोळा, शेवटचा आकडा सहा, म्हणून छक्का. उद्या परत दहातला एकच.
पण हे आबांना ऐकवू नका, दिवाणजी माणसाला ते कळत नाही होय? ओपन, म्हणजे पहिला आकडा, लावला की निकालापर्यंत जिवाला काम मिळतं. आमच्याकडे एका गवंड्याच्या स्वप्नात साप आला, तर सापाचा आकडा कुठला यावर टपरीत तासभर वाद! रिकाम्या माणसाला एवढी सोबत कोण देतं?

कृष्णाकाठ: पोलिसात द्या. 1887 पासून जुगारबंदीचा कायदा आहे.

मिरजेचा जुना: धाड पडली की दोन दिवस बंद, तिसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यात सुरू.

विश्रामबागची ताई: फक्त मोबाईलवर शिकू देऊ नका. टपरीचं शटर तरी पडतं. माझ्या भावाने रात्री दोन-दोनपर्यंत रमी खेळून मोटरसायकल घालवली. 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तरी त्याला लिंका येतातच.

हळदगल्ली: काल वही बघितली. लागलेले दिवस लाल शाईत, रकमेसकट. गेलेल्या पैशाची एक ओळ नाही. म्हटलं, "आबा, जमा दिसतंय, नावेची बाजू कुठाय?" चष्मा काढून धोतराला पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "ती तुझ्या आईला पाठ आहे."